पुढे?

महाराष्ट्रात मान्सून दोनदा येतो. एकदा हवामानखात्याचा आणि एकदा कवितेचा. हवामानखात्याच्या हिशेबानं तो केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. कवितेचा मान्सून मात्र कुठल्याही कमी दाबाच्या पट्ट्याची वाट पाहत नाही. मे महिन्याच्या अखेरीस आभाळात रुमालाएवढा ढग दिसला, की इंदिरा संत, पाडगांवकर, महानोर, ग्रेस, बोरकर अशा सगळ्या दिशांनी दोन-दोन ओळींच्या सरी कोसळायला लागतात. २०२५ साली तेवढी गडबड झाली. खरा मान्सून २६ मे रोजीच मुंबईत येऊन ठेपला. बिचाऱ्या काव्यप्रेमींच्या वळिवाच्या ओळी अजून संपायच्या होत्या. घरात पाहुणे शिरले आहेत आणि आपण अजून बनियनवर आहोत, अशी त्यांची अवस्था झाली.

पूर्वी या ओळी स्वाक्षरीच्या वहीत असत, दिवाळीच्या भेटकार्डावर असत, बदली होऊन जाणाऱ्या साहेबाच्या मानपत्रात असत. आता त्या मोबाइलवर असतात आणि दुधाच्या पिशवीच्या आधी घरात येतात. हरकत नाही. सकाळी उठल्या उठल्या भूखंडाच्या जाहिरातीपेक्षा दोन ओळी कवितेच्या बऱ्या. पण रोज सकाळी कुणी आपल्या ताटात काही वाढत असेल, तर ते नेमकं काय वाढतं आहे हे एकदा तरी पाहायला हवं. पुस्तकांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात, लग्नातल्या जेवणाची तर पंगत उठायच्या आत होतात. मग या रोजच्या दोन ओळींचंच परीक्षण का होऊ नये?

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हे या शास्त्रातले अधिकारी पुरुष आहेत. बँकेतून निवृत्त झाले, पण खतावणी सुटली नाही. त्यांच्याकडे एक जाडजूड वही आहे आणि तीत ओळींची खाती पाडलेली आहेत. पाऊस (रिमझिम), पाऊस (मुसळधार), थंडी, वाढदिवस, बारसं, बदली, सेवानिवृत्ती, तेरावं. प्रसंग उपस्थित झाला की खातं उघडायचं, दोन ओळी काढायच्या, एक प्रत मोबाइलवरच्या गटाला आणि एक जिन्याखालच्या फळ्यावर. त्यामुळं आमच्या फळ्यावर वर बालकवी आणि खाली 'उद्या टाकी धुण्यात येईल, पाणी भरून ठेवावे' असं एकत्र वाचायला मिळतं. दोन्हींत पाणी असतं, एवढाच संबंध.

मी त्यांना एकदा विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, दोनच ओळी का हो?"

"लोकांना वेळ कुठाय?" ते म्हणाले. "आणि दोन ओळींत सगळं आलंच की!"

हे 'सगळं आलंच की' मला काही पटत नाही. माझी सगळी तक्रार तिथंच आहे.

वेचे काढणं हे काही आजचं खूळ नव्हे. १८५४ साली परशुराम तात्या गोडबोले यांनी 'नवनीत' तयार केलं. जुन्या मराठी कवींच्या कवितांचे वेचे. पिढ्या न् पिढ्या त्यावर शिकल्या. म्हणजे मराठी माणूस पावणेदोनशे वर्षांच्या आसपास अधिकृतपणे वेच्यांवर पोसला गेला आहे. पण 'वेचणे' हा शब्द मोठा फसवा. फुलं वेचतात ती ठेवण्यासाठी आणि तांदळातले खडे वेचतात ते टाकण्यासाठी. आमच्या वेचणाऱ्या मंडळींचा कधी कधी हात चुकतो. ताट तेच, पण तांदूळ कवीकडं राहतात आणि खडा आपल्या तोंडी येतो.

उदाहरणार्थ, झाडांना सोयरे म्हणणारा तुकोबांचा अभंग. देशात १९५० सालापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव होतो. तेव्हापासून या अभंगाच्या नशिबी जी धावपळ आली ती विचारू नका. खड्डा तिथे अभंग. (खड्डा पुष्कळदा गेल्या वर्षीचाच असतो. अभंग तर काय, चौथ्या शतकात चालला आहे.) मंडप, लाउडस्पीकर, दोनशे माणसं, एक रोप, आणि कापडी फलकावर तुकोबा. आता तो अभंग कुणी पुढं वाचला, तर त्यात काय आहे? एकांत. माणसांच्या गलबल्यातून उठून रानात जावं, आकाशाखाली बसावं आणि आपणच आपल्या मनाशी वाद घालावा, असं ते सुख आहे. म्हणजे ज्या गर्दीतून तुकोबा उठून गेले, तीच गर्दी त्यांची पहिली ओळ हातात धरून त्यांच्या मागोमाग रानात पोचली. वर 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणाली.

कुसुमाग्रजांचं 'पृथ्वीचे प्रेमगीत' घ्या. 'विशाखा' हा संग्रह १९४२ सालचा. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी लेकीच्या लग्नपत्रिकेवर या कवितेतल्या ओळी छापायला दिल्या. शीर्षकात प्रेमगीत आहे म्हटल्यावर वधूपित्याला अधिक काय हवं! मी त्यांना सौम्यपणे सांगितलं, की या कवितेत दोघांची गाठच पडत नाही. पृथ्वी जन्मभर सूर्याभोवती फिरते, मध्ये सुमारे पंधरा कोटी किलोमीटरचं अंतर, आणि क्षुद्रांच्या मिठीपेक्षा हे अंतरच पत्करलं असं ती मानानं सांगते. केवढी उंच कविता आहे! पण ती मांडवाच्या दारात लावायची म्हणजे...

"चालेल हो," ते म्हणाले. "जावई बोटीवरच असतात. वर्षातले आठ महिने."

यावर कुठल्या समीक्षकाकडं उत्तर असेल असं मला वाटत नाही.

बहिणाबाई चौधरींची तर आपण फारच सोय करून घेतली आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या, फ्रिजवर चिकटवायच्या चकतीवर त्या, उपाहारगृहाच्या भिंतीवर त्या. त्यांच्या संसाराच्या कवितेतला तवा आणि भाकरी आता इतकी गुळगुळीत झाली आहेत, की त्यातला चटका कुणाला लागतच नाही. आधी हात पोळतो आणि मग भाकर मिळते, हे ज्या बाईनं सांगितलं तिचा हात खरोखर पोळलेला होता. अक्षरओळख नव्हती, तरुणपणी वैधव्य आलं, शेत आणि घर दोन्ही ओढलं. चुलीपुढं, जात्यावर, शेतात त्यांना ओळी सुचत गेल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली मुलगा सोपानदेव यांच्यामुळं 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपानं आली. प्रस्तावना अत्र्यांची. थोडक्यात, या बाईनं कविता प्रसंगाला चिकटवली नाही, ती प्रसंगातूनच उगवली. आपण ती उपटून गॅसच्या शेगडीवर टांगली आणि खाली दुकानाचा फोन नंबर छापला.

इंदिरा संतांची पावसाची एक कविता अशीच भज्यांच्या फोटोबरोबर हिंडते. त्या कवितेतली बाई गळक्या घरात बसून पावसाला हात जोडते आहे. माझा माणूस वाटेत आहे, त्याला नीट घरी येऊ दे, मग घाल तुझा काय तो धिंगाणा. एवढा जीव टांगणीला लागलेला, आणि शेजारी कांदाभजी! भज्यांशी माझं वैर नाही. पण ज्या घरात पातेली गळतीखाली लावली आहेत, त्या घरात कढई चढवायची म्हणजे पंचाईतच.

आणि बालकवी? श्रावण लागला रे लागला की त्यांची 'श्रावणमास' निघते. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा ती दोनदा निघाली. अधिकाचं वाण म्हणून मी तीही गोड मानून घेतली. पण याच बालकवींनी 'उदासीनता' लिहिली, 'पारवा' लिहिली. पडक्या घरात घुमणारा तो पारवा एकदा ऐकला की श्रावणातलं ऊनसुद्धा निराळं दिसायला लागतं. १८९० साली जन्मलेला हा माणूस १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेला. वय सत्तावीस. हिरवळ आणि ऊन-पाऊस पाहणाऱ्या डोळ्यांनी काळोखही तितकाच लख्ख पाहिला होता. पण काळोखाला आमच्या सेक्रेटरींच्या वहीत खातं नाही. तिथं सगळं जमा आहे, नावे काहीच नाही. बँकेतल्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये याचं मला नवल वाटतं.

म्हणजे मग दोन ओळी तोडूच नयेत की काय? तसं नाही. आपल्याकडं तोडण्यासाठीच केलेल्या ओळीही भरपूर आहेत. गझलेतला शेर हा नियमानंच स्वतंत्र असतो. सुरेश भटांच्या गझलेतला एक शेर उचलला, तर बाकीचे शेर तक्रार करत नाहीत. मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत, आणि ज्याचं मन ज्या श्लोकाला अडेल तो त्यानं घ्यावा. जात्यावरची ओवी तर एका फेऱ्यात सुरू होते आणि दुसऱ्यात संपते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा करवल्या. एकेक ओवी म्हणजे एकेक पुरं घर. आणि उखाण्याबद्दल मी काय सांगावं? नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हटल्यावर त्या दोन ओळींत नवरी जे वृत्त, यमक आणि सासरचं गाव बसवते, ते भल्याभल्यांना जमणार नाही.

हे सगळे द्राक्षाचे घड आहेत. एक मणी तोडला तरी तो अख्खं द्राक्षच असतो. पण काही कविता म्हणजे मोदक असतात. त्यांचं नुसतं नाक मोडून हातावर ठेवलं, तर खाणाराला तांदळाची उकड तेवढी मिळते. आणि तो म्हणतो, "हं, छान आहे. पण गोड असतो म्हणतात ना?" सारण आत राहिलं, बाबा! आमच्या ही मंडळींचा घोटाळा एवढाच, की ती मोदकाला द्राक्षासारखं तोडतात.

तोकडीच कविता हवी असेल, तर अख्ख्या तोकड्या कविता आहेत ना! बालकवींचाच 'औदुंबर' पाहा. साऱ्या मिळून आठ ओळी. त्यांवर समीक्षकांनी किती पानं लिहिली असतील त्याला गणती नाही. आठ ओळी वाचायला एक मिनिट लागत नाही. लिफ्ट खाली येईपर्यंत दोनदा वाचून होते. पाडगांवकरांची पावसाची कविता एके काळी लिज्जत पापडाच्या जाहिरातीत वर्तमानपत्रात येई, तीही पुरी कविता. लोक तिची वाट पाहत. पापड भाजून तोंडी लावावा, पण कवितेचा तुकडा मोडलेला नसे. पाडगांवकरांच्या बाबतीत आणखी एक गंमत. त्यांची प्रेमाची आणि पावसाची ओळ घरोघर जाते, पण ज्या 'सलाम'ला १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यातली ओळ सुप्रभात म्हणून मला आजवर कुणी धाडलेली नाही. सकाळी सकाळी आपण कुणाकुणापुढं वाकतो ते आठवायला कोण तयार होईल?

याहून मजेदार प्रकार कवीच्या नावाचा. ओळ दोनच असली म्हणजे तिला कुणाचंही नाव खपतं. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. त्यानंतर त्यांच्या लेखनाचा वेग विलक्षण वाढला आहे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, पण २०२० साली टाळेबंदीवरच्या त्यांच्या ओळी आमच्या गटावर हजर. संबंध कविता मागितली असती तर ही चोरी पहिल्या दिवशी उघडी पडली असती. पण मागतो कोण? चोराला एवढं ठाऊक असतं, की या घरात पुढच्या खोलीपलीकडं कुणी जात नाही.

आता जरा गंभीर होऊन एक सांगतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारचे काका गेले. बातमी कळल्यावर अर्ध्या तासात गटावर बत्तीस निरोप आले, त्यांतल्या एकोणीसांत समईचं चित्र आणि त्याच दोन ओळी होत्या. त्यांत कुणाचा खोटेपणा होता असं मी म्हणणार नाही. माणसाला अशा वेळी बोलायला सुचत नाही, तो दुसऱ्याचे शब्द शोधतो. काकू मात्र सकाळपासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बायका समजावत होत्या, रडा, मोकळ्या व्हा. त्या नुसत्या भिंतीकडं पाहत बसलेल्या.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या आजी जिना धरून धरून खाली आल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं, मोबाइल त्यांना लागत नाही. त्या काकूंना टेकून बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि बऱ्याच वेळानं बारीक आवाजात त्यांनी एक ओवी म्हणायला घेतली. सीतेच्या वनवासाची, जात्यावरची. अर्धी म्हणाल्या आणि थांबल्या. विसरल्या असं मला वाटलं. खोलीत कुणी हललं नाही. मग काकूंच्या ओठांतून उरलेली अर्धी आली. त्यांच्या आईच्या घरचीही ती ओवी असणार. शेवटच्या शब्दाला त्यांचा बांध फुटला.

विसरल्या-बिसरल्या काही नव्हत्या आजी. दुसऱ्या बाजूनं कुणी खुंटा धरला तर जातं फिरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

माझ्या मते वेच्याचं सगळं मर्म यात आहे. पूर्वी माणसं दोन ओळी म्हणत, कारण उरलेल्या ऐकणाराला पाठ असत. त्या दोन ओळी म्हणजे हाक होती. पलीकडून ओ यायची. मानपत्रात केशवसुतांच्या 'तुतारी'तली एक ओळ आली, की सभेतली निम्मी माणसं मनातल्या मनात अख्खी कविता वाजवून घेत. आज त्याच दोन ओळी जातात, पण पलीकडं पुढचं कुणाला येत नाही. पाठवणाऱ्यालाही येत नाही. हाकेला हाकच मिळते, आणि वर अंगठ्याचं चित्र. कवितेचा पत्ता लिहिलेलं पाकीट आपण हातोहात फिरवतो आहोत आणि आतलं पत्र कुठं राहिलं याची कुणाला दाद नाही. दोन पिढ्या असंच चाललं, तर पाकीट हेच पत्र असं शाळेत शिकवावं लागेल.

आम्हांला मराठीला एक मास्तर होते. कविता पाठ म्हणताना पोरगं दोन ओळींवर अडलं, की ते डस्टर टेबलावर आपटून एकच शब्द विचारायचे, "पुढं?" छडी फारशी चालवत नसत, तो शब्दच पुरायचा. मोठमोठ्या समीक्षाग्रंथांत मी बऱ्याच कसोट्या वाचल्या, पण या 'पुढं?'इतकी बिनखर्चाची कसोटी मला मिळालेली नाही. कुणी दोन ओळी दिल्या, की विचारावं, पुढं? शेर असेल, ओवी असेल, तर ती ठणकावून सांगेल, पुढं काही नाही, मी एवढीच. बनावट असेल तर ती निमूट पळ काढील. आणि खरी कविता असेल तर ती दार उघडून म्हणेल, या की आत.

गेल्या महिन्यात सेक्रेटरींनी फळ्यावर कुसुमाग्रजांच्या 'कणा'मधल्या पहिल्या दोन ओळी लिहिल्या. खाली नेहमीप्रमाणं टाकी धुण्याची सूचना. मी खडू घेतला आणि दोहोंच्या मधल्या जागेत एवढंच लिहिलं, 'पुढे?'

संध्याकाळी तिसरी ओळ आलेली होती. अक्षर शाळकरी पोराचं. दुसऱ्या दिवशी चौथी आणि पाचवी, ठाशीव बायकी अक्षरात. सहावीत एक शब्द चुकला होता, तो कुणीतरी खोडून नीट केला. सातवीवर तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी यांची जिन्यात उभ्या उभ्या वादावादी झाली. दोघांची याआधी बोलचालसुद्धा नव्हती. गुरुवारपर्यंत कविता वाढत वाढत खाली उतरली आणि जागा पुरेना, तेव्हा कुणीतरी टाकीची सूचना पुसून शेवट लिहिला.

शुक्रवारी सबंध इमारतीत थेंबभर पाणी नव्हतं. सेक्रेटरी हात जोडून दारोदार सांगत होते, पण गंमत म्हणजे कुणी फारसं बोललं नाही. पाठीवर हात ठेवून लढ म्हणणारं कुणी भेटलं की माणूस बादलीभर पाण्यात भागवतो.

आमची ही तेवढी म्हणाली, "अहो, कवितेचं पुढचं विचारलंत ते बरं केलंत. आता टँकरचं पुढं काय, ते विचारून या."